‘कितला फूट शे?’ : राम सुतार आणि आपले चौकातले पुतळे

मंडळी, आधी एक खुलासा करतो. आज सारखं ‘आम्ही, आम्ही’ ऐकू येईल, ते मोठेपणानं नाही. साक्री तालुक्यातल्या शाळांमधून चित्रकला शिकवून निवृत्त झालेले आम्ही तिघे जण. बोलतोय एक, पण मसुदा तिघांनी बसून केलाय. काही ठिकाणी तिघांचं पटलं नाही, तिथं तसं सांगू.

डिसेंबर २०२५ मध्ये राम सुतार गेले. शंभर वर्षं पुरी करून वर दहा महिने जगले. जन्म १९ फेब्रुवारी १९२५, गाव गोंदूर. आपल्या इथून धुळ्याला जाणाऱ्याला गोंदूर काही लांब नाही. ते गेले तेव्हा खानदेशात ठिकठिकाणी शोकसभा झाल्या आणि त्यातल्या एकीत आमच्यातल्या एकानं भाषणही केलं. भाषणात काय होतं? एकशे ब्याऐंशी मीटर. पद्मश्री १९९९, पद्मभूषण २०१६, महाराष्ट्र भूषण, आणि पुन्हा एकशे ब्याऐंशी मीटर. बाकीच्यांच्या भाषणांतही तेच. घरी येताना आमच्या लक्षात आलं की दोन तास आपण एका शिल्पकाराबद्दल बोललो आणि त्याच्या एकाही शिल्पाबद्दल बोललो नाही. नाक कसं केलंय, खांदा कसा पडलाय, वस्त्राची चुणी कुठून निघून कुठं संपते, काही नाही. फक्त फूट आणि मीटर.

आपल्याकडे पुतळ्याबद्दल पहिला प्रश्न तोच असतो. ‘कितला फूट शे?’ कुणाचा आहे ते माहीतच असतं, कुणी केला ते कुणी विचारत नाही. आजचं बोलणं या प्रश्नाबद्दल आहे. आणि तो प्रश्न विचारून आम्ही स्वतः एक पुतळा बिघडवलाय, म्हणून बोलण्याचा थोडा हक्क आहे असं समजतो.

ती गोष्ट आधी सांगून टाकतो. गाव सांगत नाही, पुतळा कुणाचा तेही सांगत नाही. एका पुतळा समितीत ‘कलेतले जाणकार’ म्हणून आम्हा तिघांना घेतलं होतं. नऊ फुटी ब्राँझचा पूर्णाकृती पुतळा ठरला. शिल्पकार बाहेरगावचे. ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी पुतळ्याबद्दल काही विचारलंच नाही. चौकात उभे राहिले, चारही रस्त्यांनी थोडं थोडं चालून आले, चहाच्या टपरीपासून चौथऱ्याच्या जागेपर्यंत पावलं मोजली. मग तीन गोष्टी विचारल्या. चौथरा किती उंच? तोंड कुठल्या दिशेला? आणि लोक कुठून बघणार? समितीला वाटलं, माणूस वेळ काढतोय. आम्ही घाईघाईत ‘चौथरा सहा फूट’ असं सांगून टाकलं. बाकी दोन प्रश्नांना उत्तर दिलंच नाही.

त्यांनी सहा फुटांच्या हिशेबानं मातीकाम केलं. मान किंचित पुढे झुकवली, डोकं प्रमाणापेक्षा जरासं मोठं ठेवलं, भुवया खोल घेतल्या. खालून बघणाऱ्याला चेहरा दिसावा म्हणून हे करावंच लागतं. जमिनीवर ठेवलेला मातीचा नमुना बघायला समिती गेली तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘डोकं मोठं वाटतंय.’ आम्ही, जाणकार, गप्प बसलो. आम्हालाही तसंच वाटलं होतं!

मग शेजारच्या गावात बारा फुटी पुतळ्याची घोषणा झाली. आमच्या समितीची रात्री बैठक. नऊचे बारा करायला पैसे नव्हते. तेव्हा कुणीतरी तोडगा काढला, चौथरा सहाऐवजी चौदा फूट करू. दगड-सिमेंटच तर आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या, आमच्याही त्यात होत्या. तोंड केलं उत्तरेला, कारण त्या बाजूला कचेरी आणि मोठा रस्ता.

आता आपल्या भागात सूर्य वर्षातले बरेच महिने दक्षिणेच्या बाजूनं फिरतो. म्हणजे उत्तरेकडे तोंड केलेल्या काळपट ब्राँझच्या चेहऱ्यावर ऊन जवळजवळ पडतच नाही, आणि मागं लख्ख आभाळ. चेहऱ्याच्या जागी एक काळी आकृती दिसते. उंचीचं म्हणाल तर, एखादी वस्तू डोळ्यात अख्खी मावायची असेल तर तिच्या उंचीच्या साधारण दुप्पट अंतरावर उभं राहावं लागतं. चौथऱ्यासकट पुतळा झाला तेवीस फूट, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस फूट मागं जायला हवं. आमच्या चौकात मागं जायला जागा वीस फूट, पुढं गाळे. त्यामुळे हनुवटीची खालची बाजू दिसते, कोटाचा घेर दिसतो, बुटांचे तळवे जवळजवळ दिसतात. चेहरा नीट दिसतो तो फक्त समोरच्या लॉजच्या दुसऱ्या मजल्यावरून. आम्ही जाऊन बघितलंय. तिथून तो फार सुंदर चेहरा आहे.

शिल्पकार अनावरणाला आले नाहीत. उरलेल्या बिलासाठी एक मुलगा पाठवला, त्यानं पुतळ्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

हे सांगितलं, कारण उघड्यावरचं शिल्प म्हणजे नुसती मूर्ती नव्हे. दालनातल्या शिल्पाला भिंत असते, दिवा असतो, आणि तिकीट काढून आलेला माणूस असतो, जो बघायलाच आलेला असतो. उघड्यावरच्या शिल्पाला ऊन, पाऊस, वारा, कबुतरं, वीजेच्या तारा, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि मोटरसायकलवरून जाता जाता अर्धी नजर टाकणारा माणूस. घडवण्याइतकंच ते बसवण्यातही असतं.

वाऱ्याचं तर आपल्याला वेगळं सांगायला नको. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या का आल्या? वारा आहे म्हणून. त्या पात्यांखाली उभं राहिलं की पोटात जरा हलतं. आता एक हिशेब बघा. पुतळ्याची उंची दीडपट केली, तर त्याच जाडीचं ओतकाम धरूनसुद्धा धातू सव्वादोनपट लागतो. वारा अडवणारं अंगही सव्वादोनपट होतं. आणि तो वारा पुतळ्याला बुडातून उलथवायला बघतो तो जोर? उंचीही वाढलेली, अंगही वाढलेलं, म्हणून तो होतो सव्वातीनपटीच्या वर. समितीच्या वहीत मात्र दीडपट एवढंच लिहिलेलं असतं. शिल्पकाराला रात्री झोप लागत नाही ती त्या सव्वातीनपटीमुळे. आतला लोखंडी सांगाडा किती, पायातून चौथऱ्यात किती खोल न्यायचा, ब्राँझ आणि लोखंड एकमेकांना लागलं तर ओलीत लोखंड कुजतं म्हणून मधे काय घालायचं, आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला भोकं कुठं ठेवायची. ही भोकं चांगल्या पुतळ्यात कुठल्यातरी चुणीत लपवलेली असतात. ती शोधून काढणं हा आमचा एक जुना छंद आहे.

आता राम सुतारांकडे येऊ. गोंदूरच्या सुताराच्या घरातला मुलगा. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी त्याला हेरलं आणि मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जायला लावलं. १९५३ ला मेयो सुवर्णपदक. इथपर्यंत सगळ्या भाषणांत येतं. यापुढची चार वर्षं मात्र भाषणांत एका ओळीत संपतात आणि आमच्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची आहेत. १९५४ ते १९५८ या काळात ते पुरातत्त्व खात्यात होते, अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचं काम करत होते. डागडुजी करणाऱ्याला शिल्पाशी जितकं जवळ जावं लागतं तितकं बघणारा कधी जात नाही. मोडलेलं बोट पुन्हा करायचं तर मूळ कारागिराची छिन्नी कुठल्या बाजूनं आली हे समजावं लागतं. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली खोदलंय. तिथं जोडलेलं काहीच नाही. जे नको ते काढत काढत गेले आणि उरलं ते देऊळ.

मातीकाम याच्या बरोबर उलटं. सांगाड्यावर माती चढवत जायची. चुकलं तर काढा, पुन्हा लावा. मग प्लास्टरचा साचा, मग मेण, मग ब्राँझ. तांबं पंच्याऐंशी आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच, असा पुतळ्याच्या ब्राँझचा सर्रास चालणारा हिशेब. तुकड्यातुकड्यात ओतायचं, जोडायचं, सांधे घासायचे, रंग चढवायचा. यात मूळ नमुना तीन फुटांचा असला तरी चालतो, तो वाढवता येतो. सगळी गंमत आणि सगळा धोका ‘वाढवता येतो’ या शब्दांत आहे.

सुतारांचं पहिलं मोठं उघड्यावरचं काम म्हणजे मध्य प्रदेशातल्या गांधीसागर धरणावरचं चंबळ स्मारक. पंचेचाळीस फूट. चंबळ नदी आई म्हणून उभी आणि तिच्याजवळ दोन मुलं, एक मध्य प्रदेश आणि एक राजस्थान. हे काम त्यांनी साच्यातून ओतलेलं नाही. काँक्रीटचा एक अख्खा ठोकळा उभा करून तो हातोडी-छिन्नीनं कोरलाय. वेरूळहून निघालेला माणूस काँक्रीटपुढं उभा राहिला आणि वेरूळमध्ये जे पाहिलं तेच त्यानं केलं, एवढाच आमचा अर्थ. नवीन जमान्याचं साहित्य आणि पद्धत हजार-बाराशे वर्षांपूर्वीची.

आमचं ठाम मत आहे, आणि इथं तिघांचंही पटलंय, की राम सुतारांचं सर्वांत चांगलं सार्वजनिक शिल्प हेच. का, तर इथं जागा, साहित्य आणि विषय यांच्यात फट नाही. धरण बांधणाऱ्यांच्या हाताखालचंच काँक्रीट, नदीच्या काठी नदीच, आणि पाण्याच्या वाटपाचा रुक्ष सरकारी करार दोन मुलांच्या रूपात आईच्या अंगाशी आलेला. हे शिल्प उचलून दुसरीकडे नेता येणार नाही आणि नेलं तर निरर्थक होईल. उंची पंचेचाळीस फूट आहे खरी, पण ती धरणाच्या भिंतीशेजारी टिकाव लागावा एवढीच. उंचीसाठी उंची नाही.

ते काम बघून पंडित नेहरू खूश झाले आणि भाक्रा धरणाच्या मजुरांसाठी पन्नास फुटी ब्राँझ स्मारकाची कल्पना पुढे आली. पैशाअभावी ते झालं नाही. धरण बांधणाऱ्या मजुरांचं स्मारक पैशाअभावी राहून गेलं, हे आम्ही मसुद्यात लिहिलं आणि तिघेही थोडा वेळ काही बोललो नाही. सत्तर वर्षांत आपण कुणाकुणाच्या पुतळ्यांना पैसे काढले!

आता केवडिया. आपल्या भागातून शाळेच्या सहली सर्रास जातात, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. ३१ ऑक्टोबर २०१८ ला लोकार्पण. पुतळा १८२ मीटर, चौथऱ्यासकट २४०. मघाचा दुपटीचा नियम लावा. अख्खा बघायला अर्धा किलोमीटर मागं जायला हवं. आणि खरंच, तो सगळ्यांत छान दिसतो तो लांबून, गाडी वळण घेते आणि टेकड्यांच्या मधे अचानक उभा राहतो तेव्हा. जसजसं जवळ जावं तसतसं शिल्प नाहीसं होतं आणि इमारत सुरू होते. पायाशी पोचलं की चपलेचा अंगठा, त्यावर ब्राँझच्या पत्र्यांचे सांधे. मग लिफ्ट, मग छातीच्या उंचीवरची गॅलरी. तिथून धरण दिसतं, नर्मदा दिसते, सगळं दिसतं. फक्त सरदार दिसत नाहीत, कारण आपण त्यांच्या आत असतो.

हे सुतारांचं अपयश आहे का? आमच्यात इथं वाद झाला. एकाचं म्हणणं, हो. मूळ आकृती अहमदाबादच्या विमानतळावरच्या पुतळ्याची, ती तिथल्या मापासाठी जन्मलेली. तीच लहान नमुन्यावरून तीस फुटांवर आणि तिथून संगणकाच्या मापांवरून १८२ मीटरवर नेली. आत काँक्रीटचे दोन खांब, त्यावर पोलादी सांगाडा, वर चीनमधल्या ओतशाळेत ओतलेलं ब्राँझचं आवरण. हात कुठं लागला शिल्पकाराचा? कापडाची जी चुणी आठ फुटांच्या पुतळ्यावर जिवंत वाटते, तीच शंभर फूट लांबीची झाली की पन्हाळ वाटते.

दुसऱ्याचं म्हणणं वेगळं, आणि ते आम्हाला सोडून देता आलं नाही. तो म्हणाला, उभं राहणं बघा. हात वर केलेला नाही, बोट दाखवलेलं नाही, तलवार नाही, घोडा नाही. दोन्ही हात खाली सोडलेले, खांद्यावर शाल, पायात साध्या चपला, एक पाऊल जरासं पुढं. शेतावरून घरी निघालेला म्हातारा शेतकरी उभा राहील तसं. धोतर नेसलेला माणूस खाली निमुळता होतो. इतक्या उंच इमारतीला बूड रुंद हवं असतं, इथं उलट झालंय. अभियंत्यांना ते किती जड गेलं असेल! वारा आणि भूकंप यांच्यासाठी आत डोलणं शोषून घेणारी दोन मोठी वजनं बसवावी लागली. ती साधी उभी राहण्याची ढब शंभर वर्षांच्या उंबरठ्यावरच्या एका माणसानं सोडली नाही. जगातल्या सगळ्यांत उंच पुतळ्यानं कसलाही अभिनय करू नये, हा निर्णय शिल्पकाराचा आहे आणि तो मोठा आहे.

आम्ही बाकीचे दोघे यावर निरुत्तर झालो, पण पटलं असं पूर्ण म्हणवत नाही. शिवाय आपल्याला तिथं आणखी एक गोष्ट दिसते, गुजरातच्या सहलीवाल्यांना दिसत नाही ती. त्या गॅलरीतून जे धरण दिसतं त्याच्या पाण्याखाली आपल्या जुन्या धुळे जिल्ह्यातली, म्हणजे आताच्या नंदुरबारमधली तेहतीस गावं येतात. मणिबेली तर धरणाच्या पाठीलाच. चंबळच्या काठी सुतारांनी नदीला आई केलं होतं. नर्मदेच्या काठी त्यांच्या वाट्याला नदी आली नाही, पुतळ्याला पार्श्वभूमी म्हणून तेवढी आली.

उंचीच्या या वेडाची दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही आपल्या राज्यातली, दोन्हींत सुतारांचंच शिल्प. पहिलं दादरच्या इंदू मिलचं. बाबासाहेबांचा पुतळा आधी अडीचशे फुटांचा ठरला होता. जानेवारी २०२० मध्ये मंत्रिमंडळाच्या बैठकीत तो साडेतीनशे करायचं ठरलं. चौथरा शंभर फूट, एकूण साडेचारशे. बाबासाहेबांची थोरवी अडीचशे फुटांत मावत नव्हती आणि साडेतीनशेत मावते, असं कुणाला म्हणायचं असेल तर त्यांनी म्हणावं. आम्ही शिल्पाचं बोलतोय. साडेचारशे फुटांचं काही बघायला नऊशे फूट मागं जायला हवं, आणि दादरच्या त्या दाटीत नऊशे फूट मागं जायचं तर एका बाजूला समुद्रातच जावं लागेल.

दुसरं अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं. डिसेंबर २०१६ मध्ये जलपूजन झालं. पुढे २०१८ मध्ये बातम्या आल्या की पुतळ्याची उंची ८३.२ मीटरवरून ७५.७ केली आणि तलवारीची ३८ वरून ४५.५ मीटर केली. बेरीज करून बघा, दोन्ही वेळा १२१.२. एकूण आकडा हलू द्यायचा नाही म्हणून अंग कमी आणि तलवार जास्त! महाराजांचा खांदा, मनगट, मूठ यांचं जे प्रमाण शिल्पकार महिनोन् महिने मातीत शोधतो, ते इथं वजाबाकी करून काढलं. आम्ही ही बातमी वाचली तेव्हा हसलो होतो. मग आमचा चौदा फुटी चौथरा आठवला आणि हसू थांबलं.

मालवणचं बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. राजकोट किल्ल्यावरचा पस्तीस फुटी पुतळा, ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. कोर्टकचेरीत आम्ही शिरत नाही. एक गोष्ट मात्र शिल्पाच्या अंगानं बघण्यासारखी आहे. मंजुरी सहा फुटांच्या मातीच्या नमुन्याला दिली होती, असं कला संचालनालयाच्या वतीनं तेव्हा सांगण्यात आलं. आपल्याकडे नियमच असा आहे की पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला त्यांची मान्यता लागते. नियम चांगला आहे. चेहरा भलताच होऊ नये, पोशाखात चूक होऊ नये, म्हणून तो हवाच. पण मातीचा नमुना वारा सांगत नाही. समुद्राची खारी हवा सांगत नाही. चेहरा तपासायला माणसं आहेत, घोटे तपासायला कोण? पुतळा नेहमी घोट्यांतून जातो.

पडल्यावर सगळीकडे विचारणा सुरू झाली ती काय, तर नवा पुतळा किती फुटांचा होणार. काम सुतारांच्या संस्थेकडे गेलं आणि मे २०२५ मध्ये आधीच्यापेक्षा पुष्कळ उंच पुतळा उभा राहिला. मजबूत आहे, काम नेटकं आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण पस्तीस फूट पडल्याचं उत्तर पंचवीस फुटांत देता आलं असतं, असा विचार कुणाच्या डोक्यातही आला नाही, याचं आम्हाला नवल वाटतं.

आपल्याच परंपरेत वेगळं मोजमाप आहे हो. वि. पां. करमरकरांनी केलेला पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९२८ चा. शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आहे. माझगाव गोदीत एकसंध ओतला. उंची साडेतेरा फुटांच्या आसपास. त्याच्याभोवती फेरी मारा. घोड्याच्या मानेचा स्नायू एका बाजूनं वेगळा आणि दुसऱ्या बाजूनं वेगळा दिसतो, दर चार पावलांनी शिल्प बदलतं. फेरी मारता येते, कारण तो माणसाच्या आवाक्यातला आहे. गेटवेजवळचा भाऊ साठ्यांचा १९६१ चा अश्वारूढ पुतळाही तसाच. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीतूनसुद्धा घोड्याची चाल समजते.

आणि सुतारांकडेही हे होतं. संसदेच्या आवारातला बसलेला ध्यानस्थ गांधी आठवा. सोळा फूट, २ ऑक्टोबर १९९३ ला राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मांनी अनावरण केलं. बसलेल्या माणसाचा पुतळा मोठा केला तरी अंगावर येत नाही, हे सुतारांना पक्कं ठाऊक होतं. वजन खाली, पाठ सरळ, डोळे मिटलेले, आणि समोर मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेचं पुढे काय झालं ते आपण टीव्हीवर पाहिलंय. कुठल्याही पक्षाचे खासदार असोत, निषेध करायचा झाला की फलक घेऊन गांधींसमोर. तीस वर्षं लोक तिथं येऊन उभे राहिले. हे शिल्पकारानं ठरवलेलं नव्हतं. पण शिल्पानं त्यांना जागा दिली. चढून जायची गरज नाही, मान मोडायची गरज नाही, गांधी आणि तुम्ही जवळजवळ समोरासमोर. २०२४ मध्ये तो पुतळा, सुतारांचाच तिथला शिवाजी महाराजांचा पुतळा आणि बाबासाहेबांचा पुतळा असे आवारातच दुसरीकडे ‘प्रेरणा स्थळ’ म्हणून एकत्र नेले. ब्राँझला ओरखडाही गेला नाही. तरी आमच्या मते शिल्प अर्धं झालं, कारण दाराजवळची ती जागा शिल्पाचाच भाग होती. घरमालकानं तुळशीवृंदावन उचलून गच्चीत ठेवावं, तसं.

इथं आमच्यातल्या तिसऱ्यानं एक मुद्दा काढला, तो टिपून ठेवण्यासारखा वाटला. आम्ही दोघं नेहमी चौकातल्या पुतळ्यांना लावलेल्या लोखंडी शिडीवर टीका करतो. हार घालायची शिडी. शिल्पकार वर्षभर पाठीचा बाक घडवतो आणि अनावरणाच्या आदल्या दिवशी वेल्डर येऊन पाठीला शिडी लावून जातो. मग वर्षभर हार, त्यात छाती गडप. तिसरा म्हणाला, तुम्ही बघण्याचंच बोलता. आपले लोक पुतळा बघत नाहीत, भेटतात. जयंतीला पायाशी बसतात, पोराला उचलून पाय शिवायला लावतात. देवळातली मूर्तीही दागिने-वस्त्रांत झाकलेलीच असते, म्हणून काय ती कुणाला दिसत नाही? खरं आहे. पण मग त्याच न्यायानं पुतळा खाली आणा ना! पाय हाताला लागतील एवढा. शिडी लागते कारण आपण त्याला शिडीच्या उंचीवर नेला. चौदा फुटांवरच्या पायाला कुठलं पोरगं शिवणार?

शेवटचं. आता आपल्याकडे सूचना येताहेत की खुद्द राम सुतारांचा पुतळा व्हावा. कालच एक जण आम्हाला भेटायला आले, मसुदा घेऊन. त्यात उंचीचा आकडा होता, शिल्पकाराच्या नावाची जागा कोरी होती. आम्ही त्यांना सांगितलं ते इथंही सांगतो. चौथरा नको, असलाच तर एक पायरी. माणूस सुतारांच्याच मापाचा. तोंड दक्षिणेला. हातात माती. मागं शिडी नाही, भोवती जाळी नाही. शेजारी एक रिकामा लाकडी स्टूल असला तर बरं, शाळेतली पोरं बसतील. आणि पैसे उरले तर शिल्पकाराला आधी एकदा चौकात बोलवा, गाडीभाडं द्या, चहा द्या आणि दिवसभर तिथं उभं राहू द्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवे लागल्यावर एकदा. तो जे विचारेल त्याची उत्तरं लिहून द्या. आम्ही दिली नव्हती.

ते गृहस्थ म्हणाले, बघतो, समितीपुढं ठेवतो. कागद घेऊन गेलेत.

बरं, आता प्रश्न घेऊ या. मागं हात वर दिसतोय, बोला.